पक्षाच्या रकान्यातला वंश

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९६४ नंतर झालेल्या एकाही अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवाराला गोऱ्या मतदारांचे बहुमत मिळालेले नाही, आणि त्याच काळात रिपब्लिकन पक्षाच्या एकाही उमेदवाराला कृष्णवर्णीय मतदारांपैकी पाचव्या हिश्शाची साथही लाभलेली नाही. या साठ वर्षांत व्हिएतनाम आणि इराकची युद्धे झाली, तेलाचे भाव भडकले, कारखाने बंद पडले, एक कृष्णवर्णीय अध्यक्ष दोनदा निवडून आला. तरीही ही रेषा फारशी हलली नाही. तिच्याकडे पाहून एक निरीक्षक म्हणतो की तेथे लोक वंश पाहून मत देतात, तर दुसरा म्हणतो की लोक पक्ष पाहून मत देतात आणि वंशाची चर्चा उगाच माजवली जाते. प्रस्तुत विवेचनाची भूमिका या दोन्हींहून वेगळी आहे. अमेरिकेतील पक्षनिष्ठा बऱ्याच अंशी वंशाच्या प्रश्नावरच घडली, मोडली आणि पुन्हा घडली. त्यामुळे ज्याच्या मनात मत देताना वंशाचा विचारही येत नाही, तो मतदारदेखील केवळ पक्षाचे नाव पाहून वंशाने आखलेल्या रेषेवरच शिक्का मारत असतो.

येथे वंश हा शब्द जीवशास्त्रीय अर्थाने योजलेला नाही. गुलामगिरी, पृथक्करणाचे कायदे, वस्त्यांची आखणी आणि जनगणनेचे रकाने यांतून माणसांचे जे सामाजिक वर्ग तयार झाले आणि ज्यांत जन्मलेल्या माणसाला सहसा बाहेर पडता आले नाही, त्या वर्गांना उद्देशून तो येथे येतो. मराठी वाचक त्या जागी स्वाभाविकपणे जात ठेवून पाहील, आणि ते अगदीच गैर नाही. मात्र महाराष्ट्रात एकेका जातीची मते अनेक पक्षांत विखुरतात, पक्ष फुटतात, आघाड्या बदलतात, तर अमेरिकेत दीडशेहून अधिक वर्षे तेच दोन पक्ष ठाण मांडून बसले असल्याने सगळा सामाजिक संघर्ष त्या दोनच पात्रांत ओतावा लागतो.

पक्षनिष्ठेची शास्त्रीय चर्चा मिशिगन विद्यापीठातील संशोधकांपासून सुरू होते. त्यापूर्वी पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या निवडणुकीत ओहायोतील ईरी काउंटीत त्याच त्या मतदारांना पुन्हापुन्हा भेटून असे दाखवले होते की प्रचाराने मत बदलणारे थोडेच असतात आणि धर्म, वस्ती व आर्थिक स्थिती यांवरून बहुतेकांच्या मताचा अंदाज आधीच बांधता येतो. अँगस कॅम्पबेल, फिलिप कॉन्व्हर्स, वॉरन मिलर आणि डोनाल्ड स्टोक्स यांच्या १९६० च्या ग्रंथाने यापुढचे पाऊल टाकले: मतदार स्वतःला कोणत्या पक्षाचा समजतो, ही गोष्ट त्याच्या मताहून वेगळी मोजावी, असे त्यांनी सुचवले. ही निष्ठा माणसाला घरातून, बहुधा आईवडिलांकडून मिळते, धर्माप्रमाणे अंगवळणी पडते आणि पुढे बातम्या, उमेदवार व धोरणे हे सारे तिच्याच चष्म्यातून दिसू लागते, असे त्यांचे म्हणणे होते. याउलट मॉरिस फिओरिना यांनी १९८१ मध्ये पक्षनिष्ठा म्हणजे मतदाराने सरकारांच्या बऱ्यावाईट कामगिरीचा मनात ठेवलेला चालता हिशोब होय, असे मांडले. डोनाल्ड ग्रीन, ब्रॅडली पामक्विस्ट आणि एरिक शिकलर यांनी २००२ मध्ये पुन्हा मिशिगनच्या बाजूने कौल दिला, पण थोडा फेरफार करून: मतदार पक्षाकडे पाहतो तेव्हा त्याला धोरणांच्या यादीआधी माणसे दिसतात, आणि या माणसांत आपल्यासारखे कोण, हा प्रश्न तो नकळत विचारतो. वंशाचा धागा पक्षनिष्ठेत शिरतो तो नेमका येथे.

मतदानाची तेथील पद्धतही पक्षनिष्ठेला पोसणारी आहे. मराठी मतदार मतदानयंत्रासमोर उभा राहतो तेव्हा त्याला बहुधा एकाच जागेसाठी एक बटण दाबायचे असते. अमेरिकी मतदाराच्या हाती येणाऱ्या मतपत्रिकेवर मात्र अध्यक्षापासून राज्याच्या लेखापरीक्षकापर्यंत, काउंटीच्या शेरीफपासून, म्हणजे निवडून येणाऱ्या पोलीसप्रमुखापासून, न्यायाधीशापर्यंत अनेक पदे एकाच वेळी छापलेली असतात. त्यांतील बहुसंख्य नावे त्याने कधी ऐकलेलीही नसतात. नावापुढील पक्षाचा उल्लेख एवढाच काय तो आधार. अलाबामासारख्या मोजक्या राज्यांत तर पक्षाच्या नावापुढे एक खूण केली की त्या पक्षाच्या सर्व उमेदवारांना मत पडते. त्यातच तीसच्या आसपास राज्यांत मतदार यादीत नाव नोंदवतानाच आपला पक्षही नोंदवता येतो आणि त्यांतील अनेक ठिकाणी त्यावरूनच प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, भाग घेण्याचा हक्क ठरतो. आपल्याकडे पक्षाचा सदस्य होणे हा कार्यकर्त्याचा उद्योग मानला जातो. तेथे तो कोट्यवधी सामान्य मतदारांच्या सरकारी नोंदीचा भाग आहे.

यादवी युद्धानंतर रिपब्लिकन हा लिंकनचा, गुलामांच्या मुक्तीचा पक्ष होता आणि डेमोक्रॅटिक हा दक्षिणेतील गोऱ्या जमीनदारांचा. १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने वंशाच्या कारणावरून मताधिकार नाकारण्यास मनाई केली आणि त्याच वर्षी मिसिसिपीचे हायरम रेव्हल्स हे सिनेटमधील पहिले कृष्णवर्णीय सदस्य झाले. अर्थात रिपब्लिकन म्हणून. पुढे केंद्राचे सैन्य दक्षिणेतून निघाले आणि हे सारे उलटवण्यात आले. घटनादुरुस्तीत वंशाचा उल्लेख होता, म्हणून नव्या नियमांत तो कटाक्षाने टाळला गेला. मतदानासाठी डोईपट्टी भरावी लागे, राज्यघटनेतील एखादे कलम वाचून त्याचा अर्थ नोंदणी अधिकाऱ्याचे समाधान होईल असा सांगावा लागे, आणि कृष्णवर्णीय माणसापुढे त्या अधिकाऱ्याचे समाधान क्वचितच होई. मिसिसिपीने १८९० च्या राज्यघटनेत हा मार्ग घालून दिला. लुइझियानात १८९६ मध्ये १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदारांची नोंद होती; १९०४ मध्ये ती १,३४२ वर आली. या आठ वर्षांत तेथे घडलेला बदल कोणत्याही प्रचाराने, कोणत्याही नेत्याच्या करिष्म्याने घडलेला नाही, आणि मतदारांच्या पसंतीचे सिद्धान्त मांडणाऱ्यांनी हे आकडे विसरू नयेत: पसंतीचा प्रश्न मतपत्रिका हाती आल्यानंतरच उद्भवतो.

उरलेल्या गोऱ्या मतदारांत मग एकाच पक्षाची सद्दी चालली. पक्षाने पिवळे कुत्रे उभे केले तरी त्यालाच मत देऊ, असे दक्षिणेतील डेमोक्रॅट अभिमानाने म्हणत. आपल्याकडे दगडाला शेंदूर फासून उभा केला तरी निवडून येईल असे म्हणतात, तीच ही जात. खरी निवडणूक पक्षांतर्गत असे, आणि तीत फक्त गोऱ्यांना प्रवेश देण्याची प्रथा सर्वोच्च न्यायालयाने १९४४ मध्ये रद्द करेपर्यंत उघडपणे चालू होती. व्ही. ओ. की यांनी १९४९ मध्ये दक्षिणेच्या राजकारणाचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्याचा गाभा असा की या राजकारणाची सूत्रे ज्या काउंट्यांत कृष्णवर्णीयांची वस्ती सर्वाधिक होती, तेथील गोऱ्यांच्या हाती होती. म्हणजे ज्यांना मत नव्हते, त्यांच्या केवळ असण्याने मत असलेल्यांची निवड ठरत होती.

पक्ष आणि वंश यांची ही सरमिसळ अलाबामाच्या मतपत्रिकेवर डोळ्यांना दिसत असे. भारताप्रमाणेच त्या राज्यातही निरक्षर मतदारांसाठी पक्षांना चिन्हे वापरावी लागत. डेमोक्रॅटिक पक्षाचे चिन्ह कोंबडा होते आणि त्याच्याभोवती गोऱ्यांच्या वर्चस्वाचा जयघोष करणारे शब्द छापलेले असत. ते १९६६ पर्यंत राहिले. सेल्मा आणि माँटगोमेरी या शहरांमधल्या लाउंड्स काउंटीत सुमारे ८० टक्के लोक कृष्णवर्णीय होते, पण १९६५ च्या आरंभी त्यांतील एकाचेही नाव मतदार यादीत नव्हते. त्या वर्षीच्या मताधिकार कायद्याने नोंदणी खुली झाली, तेव्हा या लोकांनी कोंबड्याच्या पक्षात शिरण्याऐवजी स्वतःची संघटना काढली आणि चिन्ह घेतले काळा बिबट्या. नोव्हेंबर १९६६ मध्ये तिचे उमेदवार पराभूत झाले. चार वर्षांनी मात्र तिचे एक संस्थापक जॉन ह्यूलेट त्याच काउंटीचे शेरीफ म्हणून निवडून आले. दरम्यान तो बिबट्या कॅलिफोर्नियातील ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर पक्षाने उचलला आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरच्या नावात तो पोहोचला. मराठी साहित्याला आणि चळवळीला हादरा देणाऱ्या त्या नावाचे मूळ एका काउंटीच्या मतपत्रिकेवरील निवडणूक चिन्हात आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

कृष्णवर्णीय मतदार लिंकनच्या पक्षातून उठून त्याच्या विरोधी पक्षात गेला, हे एका रात्रीत घडले नाही. १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्क अशा शहरांत आले, जेथे त्यांना मत देता येत होते आणि जेथील डेमोक्रॅटिक पुढाऱ्यांना त्या मतांची गरज होती. १९३६ मध्ये रूझवेल्ट यांना त्यांतील सुमारे ७० टक्के मते पडली, पण स्वतःला रिपब्लिकन म्हणवणारे तेव्हाही पुष्कळ होते. पोट आणि निष्ठा वेगवेगळ्या दिशांना ओढत होती. १९४८ मध्ये ट्रुमन यांनी सैन्यातील पृथक्करण संपवण्याचा आदेश काढला, आणि त्याच वर्षी साउथ कॅरोलिनाचे स्ट्रॉम थर्मंड यांनी वेगळी चूल मांडून दक्षिणेतील चार राज्ये जिंकली. तरीही १९६० मध्ये रिपब्लिकन उमेदवार निक्सन यांना कृष्णवर्णीयांची सुमारे ३२ टक्के मते मिळाली. चार वर्षांनी गोल्डवॉटर यांना मिळाली ती सुमारे ६ टक्के.

१९६४ चा नागरी हक्क कायदा सिनेटमध्ये ७३ विरुद्ध २७ मतांनी मंजूर झाला, आणि रिपब्लिकन सदस्यांपैकी २७ जण त्याच्या बाजूने व अवघे ६ विरोधात होते, तर डेमोक्रॅटिक सदस्यांत ४६ बाजूने आणि २१ विरोधात होते. प्रमाणाचाच निकष लावला तर श्रेय रिपब्लिकनांना अधिक जायला हवे. पण त्या सहांपैकी एक गोल्डवॉटर होते, आणि त्याच वर्षी पक्षाने त्यांनाच अध्यक्षपदाची उमेदवारी दिली. मतदाराने सिनेटची नोंदवही पाहिली नाही. त्याने पक्षाच्या शिखरावर कोण उभा आहे ते पाहिले. गोल्डवॉटर आपल्या ॲरिझोनाखेरीज फक्त दक्षिणेतील पाच राज्यांत जिंकले, आणि जेथे कृष्णवर्णीयांची नावे यादीत अजून जवळजवळ नव्हतीच, त्या मिसिसिपीत त्यांना सुमारे ८७ टक्के मते पडली. एडवर्ड कारमाइन्स आणि जेम्स स्टिमसन यांनी पक्षांची अदलाबदल या वळणाशी जोडली आहे. शिकलर यांनी २०१६ मध्ये ती मुळे १९३० च्या दशकात, कामगार संघटनांच्या आणि राज्यपातळीवरच्या राजकारणात शोधली. दोन्ही मतांना पुरावा आहे, परंतु तळाकडून वर सरकलेला बदल १९६४ मध्ये शिखरावर दिसला, असे धरले तर त्यांत फारसा विरोध उरत नाही.

दक्षिणेतील गोऱ्यांनी मात्र जुनी निष्ठा इतक्या सहजासहजी टाकली नाही. थर्मंड १९६४ मध्येच रिपब्लिकन झाले, पण त्यांचे मतदार अध्यक्षासाठी एका पक्षाला आणि शेरीफसाठी दुसऱ्या पक्षाला मत देत राहिले. १९७६ मध्ये जॉर्जियाच्या डेमोक्रॅट कार्टर यांनी व्हर्जिनिया वगळता जवळजवळ सगळी दक्षिण पुन्हा जिंकली, आणि कनिष्ठ सभागृहातील दक्षिणेच्या बहुसंख्य जागा रिपब्लिकनांकडे गेल्या त्या थेट १९९४ मध्ये. तीस वर्षांचा हा विलंब म्हणजे पक्षनिष्ठेच्या वजनाचा उत्तम पुरावा आहे. बापाने पक्ष बदलला असे क्वचित झाले. बहुतेक ठिकाणी मुलाने तो वारसाने घेतलाच नाही.

कृष्णवर्णीयांच्या एकजूट मतदानाला मराठीत कोणी चटकन गठ्ठा मतदान म्हणेल, आणि त्या शब्दात मतदार विचार करत नाही असा जो आरोप दडलेला असतो, तो येथे अन्यायाचा ठरेल. मायकेल डॉसन यांनी १९९४ मध्ये दाखवले की आपले भले हे आपल्या समूहाच्या भल्याशी बांधलेले आहे, अशी जाणीव कृष्णवर्णीय मतदारांत खोल आहे, आणि पृथक्करणाच्या काळात घडलेल्या आयुष्यांचा विचार करता समूहाच्या हितावरून स्वतःचे हित ओळखणे हा हिशोब मुळीच चुकीचा नव्हता. इस्माइल व्हाइट आणि शेरिल लेअर्ड यांनी २०२० मध्ये या जाणिवेला सामाजिक दबावाची जोड दिली. स्वतःला पुराणमतवादी म्हणवणारे अनेक कृष्णवर्णीयही डेमोक्रॅटिक पक्षालाच मत देतात, कारण चर्च, नातलग आणि शेजारी यांच्या वर्तुळात ते मत समूहाशी इमान राखण्याचे चिन्ह मानले जाते आणि तसे न करणाऱ्याला चार लोकांत जाब द्यावा लागतो. गावकीत राहिलेल्या कोणालाही ही यंत्रणा समजावून सांगण्याची गरज नाही.

वंश आणि पक्ष एकमेकांपासून सुटे झालेले क्वचित दिसतात, म्हणून तसे प्रसंग अभ्यासकाला मोलाचे वाटतात. २०१० मध्ये साउथ कॅरोलिनाच्या चार्ल्स्टन परिसरातील पहिल्या मतदारसंघात रिपब्लिकन उमेदवारीसाठी कृष्णवर्णीय टिम स्कॉट आणि खुद्द स्ट्रॉम थर्मंड यांचे पुत्र पॉल यांच्यात लढत झाली, आणि जवळजवळ पूर्णपणे गोऱ्या असलेल्या मतदारवर्गाने स्कॉट यांना निवडले. २०२२ मध्ये जॉर्जियात सिनेटसाठी डेमोक्रॅट राफेल वॉर्नॉक आणि रिपब्लिकन हर्शेल वॉकर हे दोघेही कृष्णवर्णीय उमेदवार समोरासमोर आले. तरीही गोऱ्या मतदारांची मोठी बहुसंख्या वॉकर यांच्याकडे आणि कृष्णवर्णीयांची प्रचंड बहुसंख्या वॉर्नॉक यांच्याकडे गेली. म्हणजे उमेदवाराच्या वर्णाहून मतदाराचा वर्ण आणि त्यातून आलेला पक्ष अधिक बोलला. याची दुसरी बाजू २००८ मध्ये दिसते. मतदानोत्तर पाहणीनुसार ओबामा यांना देशभरातील गोऱ्यांची ४३ टक्के मते मिळाली, म्हणजे चार वर्षांपूर्वीचे डेमोक्रॅटिक उमेदवार केरी यांच्याहून किंचित अधिकच. पण अलाबामात हे प्रमाण केरी यांच्या जेमतेम निम्म्यावर आले. एकच उमेदवार, एकच पक्ष, आणि प्रदेशागणिक त्याच्या वर्णाची किंमत वेगळी.

पक्षांतर्गत लढतीत पक्षाचे नाव सगळ्यांना समान असते, तेव्हा काय होते, याचे एक उदाहरण मराठी वाचकाच्या ओळखीच्या माणसाचे आहे. ‘ही श्रीची इच्छा’ या आत्मकथनामुळे परिचित असलेले, बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये डेट्रॉइट शहराचा मोठा भाग असलेल्या मतदारसंघातून डेमोक्रॅटिक उमेदवारी जिंकले. नऊ उमेदवार रिंगणात होते, अनेक कृष्णवर्णीय उमेदवारांत मते विभागली गेली, ठाणेदार यांनी स्वतःचा पैसा सढळ हाताने खर्च केला आणि सुमारे २८ टक्के मतांवर ते पुढे आले. नोव्हेंबरात त्याच मतदारांनी त्यांना ७० टक्क्यांहून अधिक मते दिली. परिणामी, जेथील तीनचतुर्थांशाहून अधिक लोक कृष्णवर्णीय आहेत त्या डेट्रॉइटचा काँग्रेसमध्ये एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी नाही, अशी स्थिती १९५५ नंतर प्रथमच आली. प्राथमिक फेरीत वंश विखुरला गेला आणि अंतिम फेरीत पक्ष एकवटला, एवढ्यात या निकालाचा उलगडा होतो.

मनातला वंशभाव मोजावा कसा, यावर अभ्यासकांत अद्याप एकमत नाही. डोनाल्ड किंडर आणि लिन सँडर्स यांनी १९९६ मध्ये वांशिक रोषाची कल्पना मांडली: उघड द्वेष ओसरला, पण कृष्णवर्णीय पुरेसे कष्ट न करता सवलती मागतात, अशी तक्रार त्याच्या जागी आली. पॉल स्नायडरमन यांच्यासारख्या टीकाकारांचे म्हणणे असे की या प्रश्नावलीतून वंशभावाइतकीच सरकारी मदतीबद्दलची तात्त्विक नापसंती मोजली जाते. हा आक्षेप वजनदार आहे. मात्र ओबामांच्या कारकिर्दीत आरोग्यविम्यासारख्या, वंशाशी वरकरणी संबंध नसलेल्या विषयांवरची मतेही याच रोषाशी अधिक घट्ट जुळू लागली, हे मायकेल टेस्लर यांनी दाखवलेले चित्र निव्वळ तात्त्विक नापसंतीने उलगडत नाही.

मतदान गुप्त असल्याने कोणत्या वंशाच्या लोकांनी कोणाला मत दिले, हे अनुमानानेच काढावे लागते. केंद्रवार निकाल आणि वस्तीचे प्रमाण जुळवून व्यक्तीबद्दल निष्कर्ष काढण्यातला धोका विल्यम रॉबिन्सन यांनी १९५० मध्येच दाखवला होता. या अनुमानांवर न्यायालयांचे निकाल अवलंबून असतात, कारण १९८६ पासून मताधिकार कायद्याखालच्या दाव्यांत बहुसंख्य आणि अल्पसंख्य वंश वेगवेगळ्या बाजूंना एकजुटीने मत देतात, हे सिद्ध करावे लागते. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्षाच्या फायद्यासाठी मतदारसंघांची वेडीवाकडी आखणी करण्याच्या तक्रारी आपल्या कक्षेबाहेरच्या ठरवल्या. वंशावरून केलेली आखणी मात्र निषिद्धच राहिली. मग प्रश्न उभा राहिला तो वर उल्लेखलेल्या चार्ल्स्टनच्या मतदारसंघातच. तेथील सुमारे ३० हजार कृष्णवर्णीय रहिवासी शेजारच्या मतदारसंघात ढकलले गेले, आणि राज्याने सांगितले की ते कृष्णवर्णीय म्हणून नव्हे, डेमोक्रॅट म्हणून हलवले. २०२४ मध्ये न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी हे मान्य केले आणि दोन कारणे वेगळी करून दाखवण्याचा भार तक्रारदारांवर टाकला. दीड शतकाच्या इतिहासाने जे एकजीव केले, ते वादीने पुराव्याने सुटे करावे, अशी ही अपेक्षा आहे, आणि ती संख्याशास्त्राच्या आवाक्यात कितपत आहे, याविषयी शंका घेण्यास भरपूर जागा आहे.

आतापर्यंतचे बहुतेक विवेचन दोनच समूहांचे झाले, आणि नव्या अमेरिकेला ते पुरे पडत नाही. २०२० पर्यंतच्या जनगणनेत हिस्पॅनिक हा वंश नसून मूळ सांगणारा वेगळा रकाना होता; त्यात मोडणाऱ्यांची पक्षनिष्ठा लाउंड्स काउंटीसारख्या भट्टीत घडलेली नाही. टेक्सासमधील मेक्सिकोच्या सीमेवरच्या स्टार काउंटीत सुमारे ९७ टक्के लोक हिस्पॅनिक आहेत, आणि शंभराहून अधिक वर्षे अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक उमेदवाराला कौल देणाऱ्या या काउंटीने २०१२ मध्ये ओबामांना सुमारे ८६ टक्के मते दिल्यानंतर २०२४ मध्ये ट्रम्प यांना बहुमत दिले. तेथील मतदाराची पक्षनिष्ठा आधी सैल झाली, की आपण अल्पसंख्य आहोत ही जाणीवच आधी पातळ झाली, हे एका निवडणुकीच्या आकड्यांवरून ठरवता येत नाही. म्हणून पुढील प्रकरणे प्रामुख्याने कृष्णवर्णीय आणि गोऱ्या मतदारांचा विचार करतात, २०२४ पाशी थांबतात, आणि स्टार काउंटीला स्वतंत्र प्रकरण देण्याइतका पुरावा अद्याप जमलेला नाही असे धरून चालतात.